चौथी डिस्क काढताना

डिचोलीच्या बाजारामागे कमलाक्षीचं घर. तिथल्या मेजावर मधुकरची रेकॉर्डिंग साठवायची काळी पेटी अजून चालू होती. मधुकर तिचा नवरा. गावोगावच्या जत्रांतले काले, भजनं रेकॉर्ड करत फिरायचा, आणि दरवेळी सुरुवातीला गावाचं नाव स्वतः बोलायचा. दोन वर्षांपूर्वी ती गिरणीवर गेलेली असताना तो न सांगताच आमोण्याला निघाला, आणि तिथेच छातीत कळ येऊन गेला. आता त्याचा आवाज उरला होता तो या पेटीतच. तेवढ्यावर बाई जगत होती, उगाच कशाला लपवायचं?

पेटीत चार डिस्क. चौथी आठवडाभर खरखरत होती. फोंड्याहून दुरुस्तीला आलेल्या अविनाशने बजावलं, की ती नुसती उपटायची नाही; एकेका फाईलचे तुकडे चारही डिस्कवर विखुरलेले असतात. आधी पेटीला सांगायचं, मग ती चौथीवरचं सगळं बाकीच्या तिन्हींवर हलवते. चौथीवर शून्य उरलेलं दिसलं की मगच हात लावायचा.

सकाळी दहाला आकडा उतरायला लागला. चारशे जीबी, दीडशे, वीस. जेवणवेळेला एकावर येऊन अडला. मग दोन झाला.

"रिकामी करताना वाढतं कसं, काकी?" अविनाश पुटपुटला.

यादीत एक नवी फाईल आली होती, आजच्या तारखेची. माईक तर कपाटात कुलपात होता.

त्याने ती लावली. याच खोलीतला पंखा ऐकू आला. कमलाक्षीचा उसासा. अविनाशचा खोकला. मग अगदी जवळून मधुकर बोलला.

"कमल, येतां हां."

निघताना आपल्याकडे 'जातो' कोण म्हणतं? 'येतो'च म्हणतात. राहून गेलेला निरोप घ्यायला आला बिचारा, असं वाटून तिचा ऊर भरून आला. सवयीने तोंडातून गेलं, "या."

आकडा शून्य झाला.

अविनाशने डिस्क काढली. एकही फाईल हरवली नव्हती. तिने घाईघाईने मये गावची फाईल लावली. घुमटाचा ताल होता, झांज होती. गावाचं नाव सांगणारा आवाज तेवढा नव्हता. दुसरी लावली. तिथेही नाही. एकातही नाही.

ती पुन्हा पहिलीपासून एकेक लावू लागली.

 अविनाश पिशवी उचलून बाहेर पडला. पायरीवर थबकला. अंग चोरून भिंतीला टेकला, कुणाला तरी आत जायला वाट दिली, आणि घरच्या यजमानाला करतात तसा नमस्कार केला.