शिवेवर सांगितलेला आकडा

ऐकीव नाही हे. स्वरूप आमच्याच भावकीतला. मागच्या डिसेंबरात, बारा तारखेच्या भर दुपारी, हातखंब्याजवळच्या आमच्या गावच्या शिवेवर मीही उभा होतो...

स्वरूप सहली नेतो. या खेपेला नेपाळ. सीमेच्या अलीकडे मुक्काम, सकाळी पलीकडे, संध्याकाळी परत. निघण्याआधी त्याने अठरा जणांना देवळात बसवून सूचना दिल्या. समोर गुरं बसल्यासारख्या.

"आधारवर राहू नका, मतदानाचं कार्ड घ्या. झेरॉक्स वेगळ्या पिशवीत. आपलं सिम तिकडे बंद. पाचला सीमेवरच्या कमानीपाशी. कार्ड हरवलं तर तिकडेच भांडी घासत बसा!"

सगळे हसले. तुळसाकाकी हसली नाही. नवरा नाही, घरात ती आणि लेक दर्शना. आयुष्यातली पहिली सहल. तिने कार्ड पदराला बांधलं.

शिवेवर आप्पा गावकारांनी गावाच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घातलं. "बा राखणदारा, ही अठरा जणं परमुलखात चाललीत. नेलीस तशी घरी आण रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी साथ दिली.

स्वरूप मोबाइल बघत होता. असल्या अडाणीपणाला साहेबांना वेळ कुठला?

तिकडे, पाच वाजता, कमानीपाशी...

तुळसाकाकीचं कार्ड पदराला नव्हतं. दुपारी टेकायला पलीकडे खोल्या घेतल्या, तिथल्या हॉटेलवाल्याने नोंदीसाठी घेतलेलं, तिथेच राहिलं.

"पाच मिनिटांत आणते रे बाबा." ती उलट पावली पळाली.

स्वरूपने दहा मिनिटं वाट पाहिली. मग सतरा जणांना घेऊन निघाला.

"येईल मागून. लहान आहे का?"

ती आली नाही.

चौकीवर नाव देऊन या शहाण्याने ट्रेन पकडली. दर्शनाला कळवायचीही छाती झाली नाही.

बारा तारखेला शिवेवर आप्पा परतीचा नारळ घेऊन उभे होते. परत आलेली माणसं मोजून राखणदाराला सांगायची, ही आमची रीत.

"किती आली रे?"

खरं सांगितलं असतं तर तिथेच बोभाटा झाला असता.

"अठरा," स्वरूप म्हणाला.

स्टेशनवरून आलेल्या गाडीतल्या सतरा जणांनी माना खाली घातल्या. एकालाही तोंड उघडवलं नाही. नालायक सगळे.

"अठरा आली रे म्हाराजा!" आप्पांनी नारळ फोडला.

तुळसाकाकीच्या घरापाशी लवू ड्रायव्हरने गाडी थांबवली.

"का थांबलास?" स्वरूप खेकसला.

"मागून थाप मारली ना कोणीतरी!"

दार उघडलं. कोणी उतरलं नाही...

पण गाडी जराशी हलली. माणूस उतरला की हलते, तशी.

घरापुढच्या खळ्यातून दर्शना धावत आली.

"आई! किती वाळलीस गं!"

तिच्यासमोर कोणीच नव्हतं...

दुसऱ्या दिवशी फोन आला. तुळसाकाकी तिकडे, ती मागे राहिली त्याच संध्याकाळी, कमानीकडे धावताना, ट्रकखाली गेली होती. स्वरूप आणि तिचा दीर जाऊन अग्नी देऊन आले. दर्शना गेली नाही. "आई घरात आहे," एवढंच म्हणाली.

आप्पांना खरं कळलं, तेव्हा ते स्वरूपच्या पायाशी थुंकले.

"खोटा आकडा तू दिलास, राखणदाराने तो पुरा केला. आता शिवेवर जाऊन सतरा सांग. मग जाईल ती."

स्वरूप सकाळीच नारळ घेऊन निघाला. वाटेत दर्शना आडवी आली. हात जोडून.

"तिकडे टाकून आलास तिला. आता घरातून तरी नको काढूस रे."

तिच्या मागे, घरात... सुपात तांदूळ पाखडल्याचा आवाज येत होता.

स्वरूप परत फिरला. त्याने बरोबर केलं की नाही, मला आजही ठरवता येत नाही. त्या घरावरून जायची वेळ आली, की मी खाली बघून चालतो.