पुंडलिकचं बोट

ही गोष्ट ज्यांना खोटी वाटेल त्यांनी खुशाल तसं समजावं. माझं काही जात नाही. पण मी उठसूट घाबरणारी बाई नव्हे, एवढं आधीच सांगते. बंद पडलेले कॉम्प्युटर सुरू करून देणं हा माझा धंदा. मशीन विचित्र वागलं की मी आधी वायर बघते, देव नंतर.

तरीही हे घडलं. माझ्यासोबत घडलं. गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला, बोईसरच्या एमआयडीसीत.

कारखान्याचं नाव सांगणार नाही. मालक प्रतापशेठ अजून माझे गिऱ्हाईक आहेत.

मी मेघाली. पालघरला माझं छोटं दुकान आहे. आसपासच्या लहान कारखान्यांचे कॉम्प्युटर, कॅमेरे, बोट लावून उघडायची दारं, सगळं मी सांभाळते.

प्रतापशेठकडे प्लास्टिकच्या बाटल्यांचे साचे बनतात. साच्यांची ड्रॉइंग म्हणजे त्यांचा जीव की प्राण. एकदा कुणीतरी ती पेनड्राइव्हवर चोरून नेली. तेव्हापासून शेठनी सर्व्हरच्या खोलीला लोखंडी दार बसवलं. आत जायलाही मशीनवर बोट लावायचं, बाहेर पडायलाही. वीज गेली तरी उघडणार नाही असं कुलूप.

"शेठ, आत माणूस अडकला तर?" मी विचारलं होतं.

"अडकेल कसा? बोट घरी विसरून येतं का कुणी?" म्हणाले आणि स्वतःच हसले.

ती खोली पुंडलिक बघायचा. नवापूरचा. पासवर्ड, बॅकअप, सगळं त्याच्या हातात. सुट्टीच्या दिवशी कारखाना शांत असतो म्हणून तेव्हाच येऊन बॅकअप घ्यायचा. पावसाळ्यात एका सुट्टीला तो असाच एकटा आला. छातीत कळ आली.

दुसऱ्या दिवशी सापडला. आतल्या बाजूला. दाराशी.

त्याच्या बोटाची नोंद मात्र मशीनमधून कुणी काढली नाही. शेठ म्हणायचे, "राहू दे गं, घरचा माणूस होता."

पण दसऱ्यानंतर एका मोठ्या कंपनीची माणसं तपासणीला येणार होती. त्यांची अट साफ होती. कामावर नसलेल्या माणसाचं नाव कुठल्याही मशीनमध्ये चालू दिसलं तर ऑर्डर नाही. आणि ही ऑर्डर गेली असती तर शेठना शटर खाली ओढावं लागलं असतं.

म्हणून मला खंडेनवमीला बोलावलं. त्या दिवशी सगळं बंदच असतं.

दुपारी पूजा झाली. लेथला हार, ड्रिलला हार, ऑफिसातल्या प्रिंटरलाही झेंडूचं फूल. झाडलोट करणाऱ्या साखरबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन सगळीकडे फिरत होत्या. माझी पर्स आणि मोबाईलसुद्धा त्यांनी चौरंगावर ठेवायला लावला.

"तुजं हत्यार त्येच हाय ना? मंग ठेव पूजेत."

"जाताना उचलीन हं, मावशी."

"आमी पूजेतलं सकाळपर्यंत हलवत नाय. तू शिकलेली, तुजं तू बघ."

मी हसले. प्रसाद खाऊन माणसं पांगली. शेठ म्हणाले, "मी मेन स्विच बंद करतोय. आता उद्या नारळ फोडूनच चालू. तुझं काम यूपीएसच्या बॅटरीवर होईल ना?"

"होईल की."

बोट लावलं. आत गेले. दार मागे बंद झालं.

खोली म्हणजे माजघरातल्या कोठीएवढी. खिडकी नाही. एसी बंद. दाराजवळच्या मशीनवर साखरबाईंनी हळदकुंकू इतकं थापलं होतं की काच दिसेना. मला हसूच आलं.

मी आधी सगळ्याचा बॅकअप घेतला. ती माझी सवय. मग यादीतून पुंडलिकचं नाव काढलं. एक बटण दाबायचं काम.

दाबलं...

"प्लीज ट्राय अगेन."

मी वळून पाहिलं. हा मशीनमधल्या बाईचा आवाज. बोट ओळखलं नाही की असं म्हणते.

पण मशीनजवळ कुणीच नव्हतं.

ओली हळद आहे, म्हणून बोलत असेल. मी ओढणीने काच लख्ख पुसली. माझं बोट लावलं.

"प्लीज ट्राय अगेन."

दुसरं बोट लावलं. तेच. मी हात मागे घेतला. पाठीमागे धरला.

"प्लीज ट्राय अगेन..."

मग पुन्हा.

मग पुन्हा.

मी दारावर धपाधप हात मारले. साखरबाईंना हाका मारल्या. वॉचमनला मारल्या. बाहेर कुणी नव्हतं. तेवढ्यात चौरंगावरचा माझा मोबाईल वाजला. कुंदनचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा असणार. वाजत राहिला... आणि थांबला.

इंटरनेटचा डबा ऑफिसात, तोही मेनबरोबर बंद. म्हणजे निरोप धाडायची सोय नाही. मला दमा आहे, आणि माझा पंप त्या पर्समध्ये, झेंडूच्या फुलाखाली.

यूपीएस टूं... टूं... करू लागला. बॅटरी उतरत होती. ती संपली की कॉम्प्युटर बंद. आणि कुलूप तर तसंच राहणार. सकाळपर्यंत.

एक उपाय होता. कॉम्प्युटरवरून दार उघडता येतं. मी घाईघाईने आज्ञा दिली. पडद्यावर उत्तर आलं... मशीन व्यस्त आहे.

पुन्हा दिली. मशीन व्यस्त आहे.

ही ओळ कधी येते ते मला पक्कं ठाऊक आहे. मशीनवर कुणाचं तरी बोट असतं तेव्हा.

छातीत शिट्टी वाजू लागली. शांत हो मेघाली, श्वास मोज, असं स्वतःलाच सांगितलं. श्वास रोखून धरला.

तरी श्वास ऐकू येतच होता.

माझा नव्हे.

खालून येत होता. दाराच्या उंबऱ्यापाशी, जमिनीलगत. अडकत, घरघरत...

मी भिंतीला चिकटले. ओरडायलाही हवा उरली नव्हती. "प्लीज ट्राय अगेन" चालूच होतं. आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा माझ्या वाटेला येत नव्हता. याला बाहेर पडायचं होतं. इतके दिवस तो बोट लावून ये-जा करत असेल, कुणाला कळलंही नसेल. आणि आज त्याचं नाव मीच पुसलं होतं. तेही तो आत असताना.

आता दोघंही आत.

त्याचं नाव परत घातलं तर दार उघडलं असतं. पण कुणासाठी? नाव घालायचं म्हणजे मेलेल्या माणसाला मी स्वतःच्या हाताने हो म्हणायचं. मला रडू फुटलं. खोटं कशाला सांगू.

"पुंडलिकदादा," मी म्हटलं, "मला जाऊ दे. तूपण जा."

बॅकअप उघडला. त्याचं नाव निवडलं. निळी पट्टी पडद्यावर गोगलगायीसारखी सरकू लागली. यूपीएसचा आवाज तुटक होता तो आता सलग झाला. अर्धी पट्टी... थोडी अजून...

झालं.

आवाज थांबला. श्वासही थांबला.

किती वेळ गेला कुणास ठाऊक.

"थँक यू."

खट्.

दार उघडलं. बाहेरचा उजेड आत आला. उंबऱ्याशी कुणी नव्हतं.

त्या दाराला वर स्प्रिंग आहे. सोडलं की लगेच धाडकन लागतं. तेव्हा लागलं नाही. माणूस जाईल एवढंच उघडं राहिलं, नि तसंच राहिलं...

कुणीतरी माझ्यासाठी धरून ठेवलं होतं.

मला त्याच्याजवळूनच जावं लागलं. अंग चोरून, डोळे मिटून गेले. डाव्या खांद्याला ओल लागली. पावसात भिजून आलेल्या माणसाच्या शर्टाची लागते तशी.

मी बाहेर पडले आणि मागे दार धाडकन लागलं.

दुसऱ्या दिवशी साखरबाईंना सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. पदराने डोळे पुसले.

"त्या मशीनला मीच जास्त हळद लावली. त्याचा हात लागायचा ना तिथं." मग हळूच म्हणाल्या, "मंग, गेला का तो घरी?"



शेठना मी बजावलं, "ते नाव मी काढणार नाही. आधी ते दार काढा, साधी कडी लावा." त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, पटलं.

तपासणी झाली. ऑर्डर मिळाली. शेठ पेढे घेऊन दुकानात आले.

"ते नाव?" मी विचारलं.

"काढलं मीच. रागावू नकोस. एवढ्या लोकांच्या पोटाचा प्रश्न होता. आदल्या दिवशी घरूनच काढलं, मोबाईलवरून."

"दार?"

"दाराचं काय? ते आहे तसंच आहे."

"शेठ... नाव काढलंत तेव्हा आत कुणी होतं का?"

"सुट्टी होती गं. सुट्टीच्या दिवशी आत कोण असणार?"

पेढा माझ्या हातातच राहिला. सुट्टीच्या दिवशीच तर तो यायचा.

त्या खोलीत मी परत पाऊल ठेवलेलं नाही. तिथलं काम दुकानातूनच करते, कॅमेऱ्यावर बघून. पडद्यावर रिकामी खोली दिसते. बंद दार दिसतं. दाराजवळ मशीन दिसतं.

त्या कॅमेऱ्याला आवाजही आहे. शेठनी नाव काढलं तेव्हा पुंडलिक आत होता की बाहेर, हे आवाज चालू केला की एका क्षणात कळेल.

आत असला, तर त्याचं नाव परत घालणं माझ्या हातात आहे. आणि घातलं, तर कंपनीच्या पुढच्या तपासणीत ते दिसेल नि शेठची ऑर्डर जाईल.

मी आवाज अजून बंदच ठेवलाय.