पुढचा शब्द

२०१४ सालची गोष्ट. भर दुपारी सुकापूरच्या एका नव्या इमारतीत माहनूर मराठी टायपिंगचं एक्स्टेन्शन तपासत बसली होती. ते ब्राउझरला जोडलं की इंग्रजी अक्षरं दाबून मराठी लिहिता यायचं, आणि आधीचं लिखाण लक्षात ठेवून ते पुढचा शब्द सुचवायचं. आजचा कॉम्प्युटर मात्र कोरा होता, नेटची वायरही काढलेली. काहीच सुचायला नको होतं.

तिनं ‘माझं नाव’ लिहिलं. पुढे फिकट अक्षरांत आलं, ‘हौसा’.

माहनूर भडकली. “सर, लोकांचं लिहिलेलं आपण साठवत नाही, असं ठळक लिहिलंय ना? मग ही हौसा कोण? कुणाची पत्रं उचललीत?”

“कुणाची नाही गं...” मालक मितेश उठून आला. नाव वाचून थबकला.

पुरावाच हवा म्हणून ती रागारागानं सुचेल तो शब्द घेत गेली. ‘माझं नाव हौसा. मी पाय घसरून नाय पडले. मला ढकलली.’

एसीच्या गारव्यात शेवाळाचा वास मिसळला. खाली, फरशीच्याही खाली, रहाट करकरला.

“माझी काकी...” मितेश पुटपुटला. “इथंच विहीर होती आमची. बुजवली. पण काकीला लिहिताच येत नव्हतं...”

“कोणी ढकललं?”

“बंद कर ते.”

“बाईचा जीव गेला, आणि बंद करू?”

“घरात कोणी विचारलं नाय, माहनूर... तूही नको विचारू.”

तिनं ‘कोणी’ लिहिलं. ‘तुळ’ एवढंच उमटलं, आणि मितेशनं प्लग उपटला. त्याच्या वडिलांचं नाव तुळशीराम. दारावरच्या पाटीवर ती ते रोज वाचायची.

माहनूर तिथून तडक चौकीत गेली. “साक्षीदार कोण, कॉम्प्युटर?” हवालदार हसला. तिच्या डोळ्यांत संतापानं पाणी आलं. त्या ऑफिसची पायरी ती पुन्हा चढली नाही.

मितेशनं सगळा शब्दसाठा पुसून नव्यानं भरला आणि पंधरा दिवसांत एक्स्टेन्शन लोकांसाठी खुलं केलं. माहनूर रोज त्याचं पान उघडून अभिप्राय वाचायची. सगळीकडे कौतुकच. मग एका सकाळी मोरा बंदरातल्या कुणा अनोळखी माणसानं लिहिलेलं दिसलं:

“टायपिंग झकास. एवढी चूक सुधारा. ‘विहिरीत’ लिहिलं की पुढे आपोआप येतं, ‘मी एकटी नाय’.”