पुढनं ओढणारी, मागनं ढकलणारी

ती लाल गाडी मला जोतिबाच्या घाटात दिसली. तिच्याशेजारी उभा असलेला माणूस नंतर दिसला, हे मी त्याला पुढं कित्येकदा सांगितलं आणि दर वेळी तो रुसला.

मार्चमधला रविवार होता, सकाळचे अकरा. माझ्या होंडा सिटीला आदल्या दिवशी नवे स्प्रिंग बसवले होते, आणि ते कसे बसलेत हे घाटाशिवाय कोण सांगणार? लोक डोंगरावर देवाला जातात, मी वळणांना जाते. दोन हजार दोन सालची पांढरी गाडी, आता चार बोटं बुटकी केलेली. इंजिन मी माझ्या हातानं उघडून बांधलेलं, एक्झॉस्ट पप्पांच्या वर्कशॉपमध्ये वाकवलेला. तिचा आवाज आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ आहे.

वळण घेतलं आणि... ती. छत नाही, दोनच सीट, लांबलचक नाक, तारांच्या स्पोकची चाकं. बॉनेट उघडं, आणि त्यात डोकं घालून एक पांढरा शर्ट.

मी गाडी बाजूला घेतली.

"पावणं, म्युझियममधनं पळवून आणलीसा काय?"

शर्टानं डोकं वर काढलं. उजव्या गालावर ऑइलचा पट्टा, कपाळावर घाम, आणि डोळ्यांत एवढी मस्ती, की बंद पडलेल्या गाडीच्या मालकाला ती शोभत नव्हती.

"आवाजावरनं मला वाटलं मळणी मशीन आलं," तो म्हणाला.

"मळणी मशीन चालू हाय. तुमचं राजघराणं बंद पडलंय."

तो हसला. मोकळं, मान मागं टाकून. मला उगीचच माझी ओढणी नीट करावीशी वाटली.

"एमजी आहे," तो म्हणाला. "त्रेसष्ट सालची. माझ्या आजोबांनी घेतलेली."

"बघू? मी बघतो."

"बघतो?" त्याच्या भुवया वर गेल्या.

"कोल्हापूरच्या पोरी 'मी बघतो' म्हणतात. तुम्ही कुठलं?"

"वारणानगरचा. पण शिकायला पुण्यात होतो."

"तरीच."

मी वाकले. पेट्रोलची पाईप एक्झॉस्टला खेटून गेली होती. बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं. "आत पेट्रोल उकळतंय. वाफ झाल्यावर पंप काय ओढणार? ही पाईप कुणी बसवली?"

"मी."

"दिसतंयच."

माझा स्कार्फ बाटलीतल्या पाण्यानं भिजवून मी पाईपला गुंडाळला. पाच मिनिटं थांबायचं होतं. पाच मिनिटं म्हणजे फार नाही... पण त्या पाच मिनिटांत त्यानं माझ्या गाडीला एक फेरी मारली, चाकाजवळ उकिडवा बसला, स्प्रिंगकडं पाहिलं आणि हळूच म्हणाला, "हे तुम्ही केलंय? एकटीनं?" त्या प्रश्नात चेष्टा नव्हती. मला सवय चेष्टेची होती, म्हणून मी गडबडले.

गाडी सुरू झाली. खर्जातला, भरदार आवाज. मी कबूल करणार नव्हते, पण अंगावर काटा आला.

"विश्वजित," तो म्हणाला.

"प्रीती. पप्पांचं उद्यमनगरात वर्कशॉप हाय. पाईप नीट करून घ्या. आणि स्कार्फ आणून द्या."

चौथ्या दिवशी तो स्कार्फ धुऊन, इस्त्री करून आला. सोबत स्टिअरिंगखालचे झिजलेले दोन बुश, म्हणजे दांडा फिरतो त्या धातूच्या कड्या. पप्पांनी ते बोटांत फिरवले. माझे पप्पा, नागसेन कांबळे, तीस वर्षं लेथवर उभे आहेत. लोखंडाशी बोलतात, माणसांशी कमी.

"विलायतेतनं मागवले तर दीड महिना," विश्वजित म्हणाला.

"कशाला विलायत?" पप्पांनी बुश माझ्यापुढं ठेवले. "ही करंल."

मी गनमेटल धातूचा तुकडा लेथला लावला. तो स्टूलवर बसून बघत राहिला. पिवळा कीस सुटत होता, आणि त्याची नजर किसावर नव्हती.

"माप चुकेल," मी मान वर न करता म्हणाले.

"मी काही बोललो नाही."

"म्हणूनच."

बुश झाले. मग कार्ब्युरेटर निघाला, मग मागचे ब्रेक. इतकं काम खरंच होतं की तो शोधून आणत होता, कोण जाणे! मम्मी वरून हाक मारायची, "पाव्हण्याला म्हणावं जेवून जा." आणि तो हात धुऊन आमच्या भिंतीला टेकून, मांडी घालून जेवायचा. "शालनताई, तुमच्या हातचा रस्सा वारणेला मिळत नाही," असं त्यानं मम्मीला म्हटल्यापासून ती त्याला आधी वाढायची.

आमची भांडणं मात्र गाड्यांवरून.

"तुझ्या इंग्रजी गाडीला सकाळी गोंजारल्याशिवाय जाग येत न्हाय. माझी किल्ली फिरवली की तयार."

"तुझ्या जपानी गाडीला सगळं येतं, पण ती बोलत नाही. माझी बोटांतून बोलते."

"बोलती न्हाय? सहा हजार आरपीएमच्या वर गेलायस कधी?"

"नाही."

"मग गप."

एका संध्याकाळी आम्ही किल्ल्या बदलल्या. वारणेकडचा कालव्याचा रस्ता, दोन्हीकडं उभा ऊस, पाटाच्या पाण्याचा गार वास. मी त्याच्या गाडीत बसले आणि पहिल्या वळणावरच बोलणं विसरले. स्टिअरिंग जड होतं, पण रस्त्यावरचा प्रत्येक खडा तळहातावर येत होता. वळणातनं बाहेर पडताना पाय दाबला, तर गाडीनं पाठीला हात लावून ढकलावं तसं पुढं लोटलं. वारा थेट तोंडावर. साठ वर्षांपूर्वी कुणीतरी हे सगळं कागदावर पेन्सिलीनं काढलं होतं... आणि ते अजून जिवंत होतं.

तो माझ्या गाडीतनं उतरला तेव्हा लहान पोरासारखा हसत होता. "साडेपाच हजारांपर्यंत गुणी मुलगी असते गं... आणि मग काय होतं तिला?"

"मग ती कोल्हापूरची बनती."

"तुझी पुढच्या चाकांवर चालते. पुढनं ओढते."

"आणि तुझी मागनं ढकलती." मी किल्ली पुढं केली. त्यानं किल्ली घेतली, बोटं सोडली नाहीत. उसात वारा सळसळला. दोघांनाही सगळं कळलं.

एप्रिलमध्ये पेठ वडगावजवळच्या एका खाजगी मैदानावर गाड्यांचा मेळा भरला. सकाळी प्रदर्शन, दुपारी घड्याळ लावून शर्यत. मी पप्पांना घेऊन गेले. लाल एमजीभोवती गर्दी होती. मधोमध विश्वजितचे वडील, हंबीररावआबा, पांढऱ्या कपड्यांत, अभिमानानं फुललेले.

एक पुण्याचे गृहस्थ स्टिअरिंग हलवून म्हणाले, "कमाल आहे! इतक्या जुन्या गाडीत जरासुद्धा ढिलाई नाही. कुणी केलं काम?"

"पुण्याचाच कारागीर," आबा म्हणाले. "पोरानं शोधून काढला. काय रे?"

विश्वजितनं माझ्याकडं पाहिलं. मग पप्पांकडं. त्याचे ओठ हलले... आणि मिटले.

"हो," तो म्हणाला.

 हात पाठीमागं बांधून पप्पा शेजारची गाडी बघायला गेले. त्यांची ती पाठ मला अजून दिसते.

विश्वजित माझ्या मागं पळत आला.

"पुण्यात कुठल्या पेठेत राहतो मी?" मी विचारलं.

"प्रीती, ऐक... मी आबांना आधीच तसं सांगून बसलो होतो. नाव सांगितलं असतं तर आडनाव विचारलं असतं. मग... घरात..."

"बुश चालतो. आडनाव चालत न्हाय."

"मी भ्यालो," तो म्हणाला. निदान खोटं बोलला नाही.

"माझ्या मम्मीच्या हातचं खाताना भ्याला न्हाईस." मी हेल्मेट उचललं. "मी इथं गाडी पळवायला आलोय. बाजूला हो."

स्पीकरवर नाव पुकारलं, "प्रीती नागसेन कांबळे, होंडा सिटी!" कुणीतरी शिट्टी मारली, कुणीतरी हसलं. मी हेल्मेट घातलं. झेंडा पडला.

त्या मिनिटाभरात मी कुणाचीच नव्हते. दुसरा गिअर, सुया वर, सात हजार. पुढची चाकं मातीला चावा घेत होती. हेअरपिनच्या आकड्यासारख्या वळणावर हँडब्रेक ओढून मागची बाजू फिरवली, आणि माझ्या हातानं बसवलेल्या प्रत्येक नट-बोल्टनं मला साथ दिली. आता कुणी हसत नव्हतं. एक मिनिट चार सेकंद, तोपर्यंतचा सर्वांत कमी वेळ. पप्पा दोरीपाशी उभे होते. हात पाठीमागं नव्हते, डोक्यावर उंच होते, आणि ते टाळ्या वाजवत होते.

मग एमजी आली. विश्वजितनं ती सुंदर चालवली, खोटं कशाला बोलू? मागची चाकं अलगद सरकवत, नाचवत. एक मिनिट नऊ.

तो उतरला आणि सरळ निवेदकाकडं गेला. माईक घेतला.

"मगाशी माझ्या आबांनी कारागीर पुण्याचा सांगितला. चूक त्यांची नाही, मीच त्यांना खोटं सांगितलं होतं." त्यानं आमच्याकडं बोट केलं. "या गाडीचं काम उद्यमनगरच्या नागसेन कांबळ्यांनी आणि त्यांच्या मुलीनं, प्रीतीनं केलंय. तिनंच आत्ता मला पाच सेकंदांनी हरवलंय. मला या दोन्ही गोष्टींचा अभिमान आहे. आणि मगाशी गप्प राहिल्याची लाज."

सगळ्यांचे डोळे आबांवर गेले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. ते चालत पप्पांपाशी आले. 

"बुशाचं माप कशानं घेतलंसा?" आबांनी विचारलं.

"व्हर्नियरनं," पप्पा म्हणाले. "शेवटचं बोटानं. पण काम पोरीचं."

आबांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. "पोरानं मला तोंडघशी पाडलं," मग ते हळू आवाजात म्हणाले. "आणि तुमचा मान माझ्या तोंडानं घालवला. मला ते सहन होत न्हाय." त्यांनी हात जोडले. पप्पांनीही जोडले. पुढं काय, ते दोघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

विश्वजित माझ्यापासून दोन हात लांब उभा राहिला. "मगाशी भ्यालो होतो," तो म्हणाला. "आत्ताही भ्यालोय. पण कारण वेगळं आहे."

"कुठलं?"

"तू नाही म्हणशील म्हणून."

"विचारलंयस कुठं?"

त्यानं घसा साफ केला. पुण्याची भाषा त्याच्या तोंडून गळून पडली. "माझ्याशी लगीन करशील काय?"

मला हसू आलं, रडूही. दोन्ही मी गिळलं. "आबांना घेऊन आमच्या घरी ये. दिवसाढवळ्या, पुढच्या दारानं. तवा सांगतो."

आठवडा गेला. दुसराही. त्याचा रोज एकच निरोप यायचा, "बोलणं चालू आहे." त्याच्या घरात काय काय झालं ते त्यानं मला नंतर सांगितलं, सगळं नाही. तिसऱ्या रविवारी दुपारी बारा वाजता गल्लीत तो खर्जातला आवाज आला. पोरं धावली, बायका दारात आल्या. लाल गाडीतनं आधी विश्वजित उतरला, मग गुडघ्यावर हात ठेवून आबा.

मम्मीनं पाणी दिलं. ती उंबऱ्याशी ताठ उभी राहिली. तिचा आवाज साधाच होता, पण मी तो ओळखते. "नुसता चहा ठेवू, का जेवणार?"

विश्वजितनं आबांकडं पाहिलं.

आबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पोरगं तीन आठवडे तुमच्या रश्श्याचं सांगतंय," ते म्हणाले. "जेवायलाच आलोय, शालनताई."

मम्मी आत वळली तेव्हा पदरानं डोळे टिपत होती. मी ताटं मांडली. आबांना वाढलं, पप्पांना वाढलं, आणि पातेलं घेऊन विश्वजितपुढं वाकले. तो ताटाकडं बघत नव्हता.

"वाढू?"

"आधी उत्तर," तो ओठांतल्या ओठांत म्हणाला.

मी रस्सा काठोकाठ वाढला.

"व्हय," मी म्हणाले, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.