पाणबुड्याचा हेवा

एक सरोवर डोळ्यांसमोर आणा पाहू. गोड्या पाण्याचं, आणि इतकं मोठं की पलीकडचा काठच दिसू नये. उन्हाळ्यात त्याच्या तळच्या दगडांवर केसांसारखं लांब, हिरवं शेवाळ वाढायचं. लाटांनी ते तुटायचं आणि काठावर येऊन कुजायचं. त्या वासानं माणसं खिडक्या लावून घ्यायची. हे शेवाळ एवढं का माजतं, याचा शोध एक मावशी घेत होती. तिची आठ वर्षांची भाची सुट्टीला आली होती. सगळे तिला मिरची म्हणत.

एका सकाळी प्रयोगशाळेचं दार उघडून नवा पाणबुड्या आत आला. अंगावरून पाणी निथळतंय… आणि कानावर शेवाळाची एक बट. मावशीनं चिमट्यानं ती अलगद काढली आणि हसली. तसं ती फक्त मिरचीशी हसायची. मिरचीच्या पोटात दुखायला लागलं.

पाण्याखाली दगडावर लोखंडी चौकट ठेवायची आणि आतलं शेवाळ खरवडून पिशवीत भरायचं, हे त्याचं काम. मावशी त्या शेवाळाचं वजन करायची.

“नमुना चौकटीतलाच हवा हं,” ती म्हणाली.

“चौकटीबाहेरचं काहीच चालत नाही तुम्हाला?”

“तपासून बघावं लागेल,” मावशी मान वर न करता म्हणाली. तिचे कान मात्र लाल झाले होते.

रोज बोलणं लांबायला लागलं आणि मिरचीचं मावशीबरोबर फिरायला जाणं राहायला लागलं. शेवटी एका दुपारी तिनं काठावरचं शेवाळ गुपचूप त्याच्या पिशवीत कोंबलं.

वजन दुप्पट भरलं. मावशीचा चेहरा उतरला. असलं काम चालणार नाही, उद्यापासून दुसऱ्या कुणाला तरी बोलावते, असं तिनं त्याला तुटकपणे सांगितलं. पाणबुड्यानं पिशवी हुंगली, मिरचीच्या हिरव्या बोटांकडे पाहिलं… आणि सामान आवरायला घेतलं.

हे मात्र मिरचीला सोसवेना.

“मी घातलं,” ती मावशीला म्हणाली. “हे आले की तू माझ्याकडे बघतसुद्धा नाहीस.”

पाणबुड्या तिच्यासमोर उकिडवा बसला. “खरं सांगू? मलाच तुझा हेवा वाटतो. मावशी सारखी तुझ्याबद्दल बोलत असते. माझ्याबद्दल बोलते का गं कधी?”

मिरचीनं विचार केला. नाही म्हणणं सोपं होतं.

“बोलत नाही,” ती फुरंगटून म्हणाली. “पण तुम्ही यायच्या आधी केस विंचरते. दोनदा.”

मावशीनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. “सामान ठेवा खाली… उद्या या. म्हणजे – नुसत्या कामासाठी नाही.”

मिरची उठली, बाहेर गेली आणि तिनं दार ओढून घेतलं. मग हळूच ते बोटभर उघडून ठेवलं.