नळीवरचा ठसा

दसऱ्याच्या दुपारी निनाद सिडनीतल्या वेंटवर्थव्हिलच्या दुकानातून झेंडू घेऊन आला, तेव्हा बाबांनी देवघरापुढे पाट मांडून ठेवला होता. पाटावर रविंद्रकाकांची फ्रेंच दुनळी बंदूक.

लॉकडाऊन उठून चार दिवस झाले होते. काका ऑगस्टमध्ये गेले. मागच्याच गल्लीत, एकटे, करोनाने. निनादने युनिव्हर्सिटी सोडली तेव्हा ‘वाया गेलं कार्टं’ म्हणायला अख्खं मराठी मंडळ पुढे, आणि सर्वांत पुढे बाबा, दत्तात्रय. काकांनी तेवढं त्याला गॅरेजमध्ये नेऊन हातात भिंग दिलं होतं.

“कागद खोटं बोलतो, निनाद. नळी नाही बोलत. तपासताना जास्तीची दारू ठासून उडवतात. फुटली नाही, तरच ठसा मिळतो.”

मृत्युपत्रात बंदूक त्याच्या नावावर होती. एकोणिसशे सालाआधीची ठरली तर राहणार, नाहीतर पोलीस नेऊन वितळवणार. ठशाचा फोटो आज पाचपर्यंत पोलिसांना पाठवायचा होता. निनादने नळीखालचं लाकूड उतरवलं. नळीच्या पोटाशी ठसा होता, पण इतका झिजलेला की भिंगातूनही लागेना.

“आधी पूजा,” बाबा म्हणाले, आणि अंगठ्याने नळीवर भसाभस कुंकू चोळलं.

“बाबा, अँटिक आहे ते! तुमची गाडी नाहीये...”

पण कुंकू खाचांत बसलं आणि ठसा लालभडक उठला. मुकुट, त्याखाली तिरप्या दोन झावळ्या. फ्रान्समधल्या सेंत-एत्येनच्या बंदूक-तपासणीचा. काकांच्या वहीत तसल्याच चित्राशेजारी लिहिलं होतं: साधारण १८६०. निनादने घाईघाईने मोबाइल काढला.

“रविंद्र आज हवा होता रे,” बाबा उसासले.

निनादचं डोकंच फिरलं. “त्यांनी बोलावलं तेव्हा गेलात का?”

“त्याने फोनच केला नाही.”

“मी जिन्यात होतो, बाबा. सात वेळा वाजला. तुम्ही स्क्रीनकडे बघत बसला होतात.”

बाबांनी ठशावर अंगठा टेकवला. “शस्त्राची शपथ. नाही केला.”

बाहेर किंचाळणारे काकाकुवे एकदम गप्प झाले. भर उन्हात खोलीत जळक्या दारूचा वास पसरला.

“निन्या... गरम लागतंय रे... अंगठा सुटत नाहीये...” बाबा कळवळले.

निनादने मनगट धरून ओढलं, तेव्हा सुटला. त्याने फडक्याने नळी पुसली. खाली नुसतं गुळगुळीत लोखंड. मुकुट नाही, झावळ्या नाहीत.

ठसा बाबांच्या अंगठ्यावर होता. दाबल्यावर वळ उठतो तसा फुगीर नाही. नळीवर होता तसाच, मांसात खोल रुतलेला. साबणाने कुंकू गेलं. खाच राहिली.

फोटो राहिलाच. पुढच्या आठवड्यात पोलीस बंदूक घेऊन गेले. बाबांचा फोन आता त्यांचा अंगठा ओळखत नाही. नंबर दाबून उघडतात, निनादकडे न बघता.

बंदुकीबरोबर आलेल्या खोक्यात काकांचा फोन होता, ऑगस्टपासून बंद. काल निनादने तो चार्जिंगला लावला आणि बाबांपुढे धरला.

“ठेवा अंगठा.”

“वेडा आहेस का? तो त्याचा...”

“ठेवा.”

फोन उघडला.

कॉलच्या यादीत एकच नाव होतं, दत्ता. ऑगस्टचे सात कॉल, एकही न उचललेला. त्यांच्यावर आठवा, दसऱ्याच्या दुपारचा.

तो उचललेला होता.