लाल चिंधीची गाठ

चार्ज केलेली बॅटरी लालबागहून खांद्यावर घेऊन दौलत घोडपदेवच्या चाळीत शिरला, तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि भुताखेतांचा विचार त्याच्या मनाला शिवलाही नव्हता. भुतांचा विचार रिकामटेकड्यांनी करावा. दौलतला त्या दिवशी श्वास घ्यायला फुरसत नव्हती. जयवंतचं लग्न होतं. साडेदहाला वऱ्हाड दादरच्या हॉलवर निघायचं होतं आणि नवरदेव बापाच्या मोटारसायकलवरून जाणार होता. ती मोटारसायकल मात्र आठ वर्षं जिन्याखाली ताडपत्रीत गुंडाळलेली होती.

बाप म्हणजे रामचंद्र, दौलतचा जिवलग. दोघेही एकाच गिरणीत, साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, फिटर. ब्याऐंशीच्या संपात चार महिने झाले तरी गिरणीचं दार उघडेना, तेव्हा दौलतच त्याला म्हणाला होता, "गावी जाऊन ये रे. तोवर मिटतं बघ." रामचंद्र गाडी जिन्याखाली लावून कोकणात गेला आणि तिथंच तापानं गेला. संप काही मिटला नाही. ते 'बघ' आठ वर्षं दौलतच्या घशात अडकून बसलं होतं.

त्यानं ताडपत्री ओढली, तोच रामचंद्रची बायको मंजुळा जिना उतरून आली. अंगावर नवी साडी होती, पण चेहरा उतरलेला.

"भावजी, होईल ना सुरू?"

"अर्ध्या तासाचं काम, वहिनी."

"माझ्या जावा म्हणतात, तू विधवा, ओवाळायला पुढं येऊ नको. मी गप ऱ्हवलंय." ती गाडीच्या सीटवरून हात फिरवत होती. "पण गाडी निघाली, तर ते इले असं मी समजेन. मग मी एकटी नाय. सगळ्यांच्या पुढं उभी राहीन. आणि नाय निघाली तर..."

पुढचं न बोलताच ती वर गेली. अर्ध्या तासाचं काम म्हणून बसला होता, आता जीभ चावून काय उपयोग?

हँडलला लाल चिंधी बांधलेली होती. ती पाहून त्याला हसू आलं. गिरणीत त्यांचा नियमच होता. यंत्राच्या पोटात हात घालायचा, तर आधी त्याच्या मुठीला लाल चिंधी बांधायची. चिंधी आहे म्हणजे आत माणूस आहे, यंत्र कुणी चालू करायचं नाही. आणि ज्यानं बांधली, त्यानंच सोडायची. बाहेरून विचारायचं, "मोकळा?" आतून पान्याचे दोन ठोके आले तर मोकळा. एकच आला तर थांबा, काम बाकी आहे.

रामचंद्र डावखुरा. त्याची गाठ उलटी पडायची आणि दुसऱ्याच्या बापालाही सुटायची नाही. दौलतनं नखं झिजवली, मग वैतागून ब्लेडनं चिंधी कापली आणि खिशात कोंबली. इथं तो चुकला.

मेलेली बॅटरी काढून त्यानं लालबागहून आणलेली बसवली. या गाडीला हेडलाइटच्या वर एक लाल दिवा होता. चावी फिरवली की पेटायचा, इंजिन सुरू झालं की विझायचा. बॅटरीला चार्जिंग मिळतंय की नाही हे सांगायचं, एवढंच त्याचं काम. आता तो पेटला. फक्त दौलतनं अजून चावी लावलीच नव्हती.

"स्विच शॉर्ट झाला असणार," तो स्वतःशी म्हणाला आणि स्विच उघडला. वायरी स्वच्छ होत्या. फ्यूज काढला, तरी दिवा तसाच. डायनामोचे कार्बन घासून झाले. किक मारून मारून पोटरी भरून आली, इंजिन खोकलंसुद्धा नाही. शेवटी त्यानं बॅटरीच्या वायरी सोडल्या आणि बॅटरीच उचलून जिन्याखालच्या फळीवर ठेवली.

दिवा पेटलेलाच होता.

बाहेर अंगणात बँडवाले सूर लावत होते, पोरी खिदळत होत्या, कुठल्याशा घरातून बेसनाचा खमंग वास येत होता. हळूहळू तो वास विरला. त्याच्या जागी ओल्या खळीचा आणि तापलेल्या तेलाचा वास आला, थेट साचेखात्यातला. बँडचा आवाज लांब गेला आणि कानात मागांची धडधड भरली. मे महिन्यात, भर सकाळी, दौलतच्या बोटांना गारठा चढला.

"दौलतकाका!" वरच्या गॅलरीतून मुंडावळ्या बांधलेला जयवंत ओरडला. "दहा वाजून गेले. टॅक्सी सांगू काय?"

"सांगितलीस तर तंगडी तोडीन!" दौलत ओरडला, पण नजर दिव्यावरच होती. लाल रंगाकडे तो बघत राहिला... लाल म्हणजे आत माणूस आहे.

त्यानं खिशातली चिंधी काढली, कापलेली टोकं जुळवून हँडलला कशीबशी बांधली आणि गाडीपाशी गुडघे टेकले.

"रामा..." तो कुजबुजला. "मोकळा?"

काहीच नाही.

"चुकलो रे. तेव्हा तुला गावी धाडलं तेव्हाही चुकलो, आजही चुकलो. पण वहिनी वर थांबलीय. तिला पुढं उभं राहायचंय, रामा... मोकळा?"

इंजिनाच्या पोटातून आवाज आला. टक्. टक्.

दिवा विझला. चिंधी आपोआप सुटून दौलतच्या पायाशी पडली. त्यानं उचलून पाहिली, तर ती अख्खी होती. कापल्याची खूण कुठंच नव्हती.

पहिल्याच किकला गाडी गरजली. दोन्ही सायलेन्सरमधून आठ वर्षांचा धूर सुटला, बँडमास्तर दचकला आणि दचकलेलाच वाजवायला लागला. जयवंत दोन-दोन पायऱ्या उतरत आला, पण त्याच्या आधी मंजुळा पोचली. दौलतच्या हातातली चिंधी तिनं घेतली, उलटसुलट पाहिली आणि कमरेला खोचली.

"इले," ती एवढंच म्हणाली, आणि वऱ्हाडाच्या अगदी पुढं जाऊन उभी राहिली. जावांपैकी एकीचीही बोलायची छाती झाली नाही. दौलतला आनंदानं रडूच कोसळलं.

गाडी फाटकाबाहेर गेली. डोळे पुसत तो हत्यारं आवरायला वळला, तर फळीवर बॅटरी होती. त्यानं तिच्यावर ताडपत्री टाकली. लग्नाच्या दिवशी असलं कोण कुणाला सांगतो?

लग्न झोकात झालं. पाच वाजता जयवंत त्याच गाडीवरून नवरीला घेऊन आला. नवरी राधा, शीव कोळीवाड्याची, कुणाला न लाजणारी. उतरता उतरता म्हणाली, "दौलतकाका, गाडी अशी दबलेली का हो? आम्ही दोघंच होतो, पण अख्खा रस्ता ट्रिपल सीट वाटली मला."

मंजुळेनं जोडप्याला सगळ्यांच्या देखत ओवाळलं आणि घरात घेतलं. राधा दागिने उतरवायला आतल्या खोलीत गेली, मागोमाग काहीतरी शोधायचं निमित्त करून जयवंतही सटकला. चहा झाला, तरी दोघं बाहेर येईनात. हाक मारायला एक जाऊ दारापाशी गेली आणि तिथंच थबकली.

दाराच्या बाहेरच्या कडीला लाल चिंधी बांधलेली होती.

मंजुळेचा हात कमरेकडे गेला. कमर रिकामी होती. दौलतनं वाकून पाहिलं. गाठ उलटी होती, डावखुरी.

"कसली थट्टा ही!" म्हणत जाऊ गाठ सोडायला गेली. मंजुळेनं तिचा हात धरला. "ज्यानं बांधली, त्यानंच सोडायची."

दौलत गॅलरीच्या कठड्यावरून वाकला. खाली अंगणात गाडी एकटीच उभी होती. जयवंतनं दिलेली चावी दौलतच्या खिशात होती, बॅटरी फळीवर, आणि उतरत्या उन्हात तो लाल दिवा पेटलेला होता.

"रामा..." तो हळूच म्हणाला. "मोकळा?"

खालून एक ठोका आला. टक्.

एकच.

मंजुळेनं पदर तोंडाला लावला. ती हसतेय की रडतेय ते दौलतला कळेना, बहुधा दोन्ही. "जेवणाची पानं गॅलरीतच मांडा. पोरांना कुणी हाक मारू नका," ती म्हणाली. पानं मांडली, जेवणं झाली, विडे झाले. आठ वाजून गेले, तरी दुसरा ठोका आला नव्हता.